न्हावाशेवा ते टिटवाळा, मोदकाच्या मशिनीबरोबर

आमच्या सोसायटीत दर सुट्टीनंतर कुणी ना कुणी स्वित्झर्लंडचे फोटो दाखवतं. बर्फ, गाय, परत बर्फ. यंदा मी परदेशात गेले नाही, परदेशच इकडे मागवला! तैवानहून एक मशीन आली, तिच्या मागोमाग ती बसवून द्यायला एक माणूस आला, आणि त्या दोघांच्या नादाने मी न्हावाशेवा, कोलशेत, खडवली, टिटवाळा असा जो प्रवास केला, तो त्या बर्फवाल्यांना सात जन्मांत घडायचा नाही. परत येऊन चार दिवस झाले तरी मी अजून हवेतच आहे. म्हणून लिहायला बसलेय.

आधी आम्ही कोण ते सांगते. डोंबिवली पूर्वेला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं, सुषमाताईचं. वर्षभर पोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक. आणि मोदक म्हणजे सुषमाताई, बाकी आम्ही सगळ्या नारळ खवणाऱ्या. ती कोलशेतची, आगरी. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात लव्हमॅरेज करून आली आणि पहिल्याच गणपतीत तिच्या हातचा मोदक खाऊन माझ्या सासूबाई गप्प झाल्या. त्याआधी त्यांना गप्प करणं कुणालाच जमलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऐन गणपतीत तिचं उजवं मनगट गेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बाकीची कामं हळूहळू करा, पण कळ्या पाडणं विसरा. मोदकाच्या त्या बारीक चुण्या, त्या आमच्यात तिच्याइतक्या कुणालाच जमत नाहीत. मला तर पाच कळ्यांपुढे मोदकाचा वडा करायची सवय आहे.

मग मी ही मशीन शोधली. तैवानमध्ये सारण भरलेले तांदळाचे गोळे करतात, त्यासाठीची. साचा बदलला की मोदक. कंपनीने आमच्याकडून पीठ मागवलं, चाचणी घेतली, व्हिडिओ पाठवला. एकेक मोदक टपाटप पडतोय, बघून मी स्वयंपाकघरात नाचलेले! त्या भरात ऑर्डरीही घेऊन टाकल्या. सुषमाताई मात्र नाचली नाही. डब्यावर लावायची 'सुषमाताईंचे मोदक' ही लेबलं तिने एका पेटीत कुलूपबंद केली आणि किल्ली कमरेला खोचली.

"आधी मोदक बघीन, मग लेबल देईन," ती म्हणाली. "माझ्या नावावर लोक बाप्पाला नैवेद्य दाखवतात. नाय जमलं तर सगळ्यांना फोन करून नाय म्हणायचं. तूच करायचे फोन."

आणि आमचा नियम होताच. हंगामातले पहिले एकवीस मोदक टिटवाळ्याच्या गणपतीला. तिथे नैवेद्य होईपर्यंत कुणी चाखायचंदेखील नाही, सारणसुद्धा नाही. उष्टं झालं की संपलं. इतकी वर्षं आम्ही हा नियम पाळला तेव्हा त्यात काही अडचण असेल असं वाटलंच नव्हतं.

न्हावाशेवा

आमचा क्लिअरिंग एजंट, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणारा माणूस, मला सारखा सांगत होता, "मॅडम, तुम्ही यायची गरज नाही." गरज नाही काय! बारशाला आईने जायचं नाही तर कुणी जायचं? गेटपास काढायला लावला आणि गेलेच.

बंदराजवळचं ते गोदाम बघून मी वेडीच झाले. छप्पर इतकं उंच, की आत आमची सोसायटी टाकीसकट मावेल. आणि माल! पेट्यांवर कुठली कुठली लिपी, कुठे वळणदार, कुठे चौकोनी, कुठे नुसतं तुटणाऱ्या ग्लासचं चित्र. टायर, टाइल्स, खेळणी, कुणाच्या तरी दवाखान्याची खुर्ची. आपण दुकानातून मुकाट्याने उचलतो त्या निम्म्या वस्तू आधी इथे येऊन बसलेल्या असतात, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. आमची मशीन काही एकटीच्या कंटेनरमध्ये आलेली नव्हती. दहा जणांच्या मालाबरोबर, शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून यावं तशी आलेली.

तपासणीला कस्टमचे साहेब आले. त्यांनी कागद वाचला. "सारण भरण्याचे यंत्र. म्हणजे नक्की काय करतं हे?"

"मोदक!" मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असणार, कारण शेजारचे दोन हमाल वळून बघायला लागले.

साहेबांच्या चेहऱ्यावरची घडी जराशी सुटली. लाकडावरचा कीड मारल्याचा शिक्का त्यांनी तपासला आणि पेटीची एक फळी उघडायला लावली. आत ती! चकचकीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खरं सांगते. आणि तिच्या डोक्यावर चिकटपट्टीने चिकटवलेलं एक हिरवं पाकीट. कुरकुरीत खाऊचं. वर नारळाचं चित्र.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी एजंटकडे पाहिलं.

"कागदावर मशीन आहे," साहेब म्हणाले. "खाण्याची वस्तू नाही."

गणपती चार दिवसांवर, आणि मशीन एका खाऊच्या पाकिटावरून अडकणार! मी तिथूनच लिनला व्हिडिओ कॉल लावला. लिन म्हणजे मशीन बसवायला येणारा कंपनीचा माणूस. तो त्या रात्रीच्याच विमानाने निघणार होता, बॅग भरत होता. त्याचं इंग्रजी आणि माझं डोंबिवलीचं इंग्रजी, दोन्ही एकाच वर्गातलं असल्यामुळे आमचं उत्तम जमतं.

"ते मशीनसाठी आहे," लिन गंभीरपणे म्हणाला. "आमच्याकडे मशीनवर ठेवतात. नाही ठेवलं तर मशीन नीट वागत नाही. पाकीट हिरवंच पाहिजे. आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं."

हे सगळं मी शरमून साहेबांना मराठीत सांगितलं. त्यांनी समोर पाहिलं. समोर फोर्कलिफ्ट उभी होती, तिच्या नाकाला ताजी लिंबूमिरची बांधलेली.

"समजलं," साहेब म्हणाले. "पण नियम तो नियम. पाकीट इथेच राहील, मशीन न्या." सही केली, दोन पावलं गेले आणि वळले. "कळ्या पडतात का हो पण?"

हा प्रश्न मला त्या प्रवासात किती जणांनी विचारला म्हणून सांगू! कस्टमने विचारला, हमालांनी विचारला, आणि आमचे टेम्पोवाले, जामखेडचे अंकुशभाऊ, त्यांनी तर कळंबोली येईपर्यंत दोनदा विचारला. कुणाला मशीन कुठून आली याचं काही नाही, किती लांबून आली याचं काही नाही. कळ्या पडतात का!

अंकुशभाऊंनी टेम्पो असा चालवला, की मागच्या रिक्षासुद्धा शिव्या घालून पुढे जात होत्या. "ताई, बाळंतीण बसलीय मागं असं समजून चालवतोय," ते म्हणाले. अर्धं जग ओलांडून ती सुखरूप आली आणि शिळफाट्याच्या खड्ड्यांनी तिचे नटबोल्ट सैल केले असं नको व्हायला. शिळफाट्याला ट्रॅफिक तुंबलेलाच होता. आम्ही टपरीवर कटिंग प्यायलो, भजी खाल्ली, आणि भाऊंनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना आत काय आहे ते सांगितलं.

खडवलीच्या आमच्या गाळ्याकडे जायच्या वाटेवर डोंबिवलीत पोचलो तर सुषमाताई केंद्राच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आज अमावस्या आहे. लोखंड आज गाळ्याच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाय."

आता बंदराला काय पंचांग कळतं का? पण तिच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? मशीन रात्रभर टेम्पोतच ताडपत्रीखाली राहिली. संध्याकाळी पोळ्या न्यायला येणारी प्रत्येक बाई ताडपत्रीचं टोक उचलून बघून गेली आणि जाताना तोच प्रश्न विचारून गेली.

कोलशेत

दुसऱ्या दिवशी लिन उतरला. बारीक, चष्मा, पाठीवर हत्यारांची सॅक. भेटल्या भेटल्या त्याने पहिलं काय विचारलं असेल? "पाकीट?"

"कस्टममध्ये," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. त्याने निघताना, न जाणो म्हणून, विमानतळावर दुसरं शोधलेलं. पण तिथे पिवळं होतं, आणि पिवळं चालत नाही म्हणे. हिरवा म्हणजे चालू. आपल्या सिग्नलसारखंच.

अंकुशभाऊ टेम्पो घेऊन परस्पर खडवलीला गेले. मोदक तिथल्या गाळ्यातच होतात. जागा मोठी, आणि मोदकाला हात लावणाऱ्या सगळ्या बायका तिथल्याच. आम्ही लिनला घेऊन वाटेत कोलशेतला थांबलो, कारण सुषमाताईच्या आईने फर्मान काढलेलं. श्रावण आदल्या दिवशी संपलेला, हरतालिका परवावर आलेली. मासे खायला मधले दोनच दिवस. त्यातला एक ती माउली फुकट घालवणार होय?

ताट बघून लिनने आधी फोटो काढला, मग चष्मा काढून बाजूला ठेवला. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, खाडीतले निवटे मासे, तांदळाची भाकरी. मी मनात म्हटलं, गेला बिचारा, उद्या आजारी पडणार आणि माझे मोदक राहणार. पण त्या माणसाने चिंबोरीची नांगी अशी सफाईने फोडली, की आम्ही कोकणातले म्हणवणारे बघत राहिलो. मी आयुष्यभर अडकित्ता वापरत आलेय. त्याने दातांत धरली, कट्, आणि आतलं मांस अखंड बाहेर.

"यो पोरगा आपलाच हाय गो," सुषमाताईची आई म्हणाली आणि त्याला अजून एक चिंबोरी वाढली.

जेवण झाल्यावर ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. समोर चहूकडे टॉवर. तिने हात फिरवून दाखवलं, इथपासून तिथपर्यंत आमचं मिठागर होतं. मी भाषांतर केलं. लिन एकदम उभा राहिला. त्याच्या गावालाही मिठागरं होती, समुद्रकाठी. त्याचे आजोबा मीठ ओढायचे. त्याने दोन्ही हातांत न दिसणारा दांडा धरला आणि पाठ वाकवून मीठ ओढून दाखवलं. म्हातारीने पदर खोचला आणि तिनेही ओढून दाखवलं. तोच हिसका, शेवटी तोच मनगटाचा झटका! दोघं त्या टाइल्सच्या गच्चीवर मीठ ओढतायत, खाली कुणाचीतरी नवी गाडी रिव्हर्स घेतेय.

सुषमाताई मात्र हाताची घडी घालून बघत होती. "माणूस चांगला हाय," तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. "मशीन अजून बघायची हाय."

खडवली

कल्याण, शहाडचा पूल, खाली पावसाने फुगलेली उल्हास नदी, मग टिटवाळ्याच्या पुढे एकदम हिरवंगार. भात पोटरीवर आलेलं. लिन खिडकीला नाक लावून बसलेला. हे आमच्यासारखंच आहे, हे पण आमच्यासारखंच आहे, असं चाललेलं. मग अचानक म्हणाला, "हे नाही." समोर रस्त्याच्या मधोमध म्हैस बसलेली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंकुशभाऊ डोक्याला हात लावून उभे. मशीन उतरवायला हायड्रा, म्हणजे ती लहान क्रेन, सांगितलेली. ती आलेलीही. पण गल्लीत गणपतीचा मांडव पडलेला! क्रेन आत जाईना, टेम्पो आत जाईना. मांडव सोडवा म्हणायची कुणाची छाती होणार? मी तर रडकुंडीला आले.

मंडळाचे अध्यक्ष कमानीला दिवे लावत होते. शिडीवरूनच त्यांनी विचारलं, "वजन किती?" मी सांगितलं.

"बस्स? आमची मूर्ती याच्या दुप्पट असते!"

पाच मिनिटांत वीसेक माणसं गोळा झाली. बांबू आले, दोर आले, मूर्ती ठेवतात ती चाकाची फळी आली. कुणी कुठे धरायचं हे कुणी कुणाला सांगितलं नाही, दरवर्षी करतातच. मशिनीच्या पायाखाली गोणपाटं घातली गेली, आणि "गणपती बाप्पा..." "मोरया!" करत ती उचलली गेली, मांडवाच्या बरोबर मधून, झालरींच्या खालून, वाजतगाजत. लिन उलटा चालत मोबाइलवर शूटिंग करत होता आणि दर वेळी सगळ्यांच्या मागून, अर्धा सेकंद उशिरा, "मोलया!" ओरडत होता. विदेशी मालाचं एवढं स्वागत कुठल्या बंदरावर होत असेल का?

मशीन बसली. लिनने तासाभरात नटबोल्ट, वायरी, साचा सगळं जोडलं. मग तिच्या डोक्याकडे, त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. सुषमाताईने बघितलं. आत गेली, एक शेंडीचा नारळ आणला, हळदकुंकू लावून मशिनीवर ठेवला.

"पाकिटावर नारळाचं चित्रच होतं ना?" ती म्हणाली. "मग हा घे, खराच."

लिनने दोन्ही हात जोडून मशिनीला नमस्कार केला. मग मला हळूच विचारलं, "याची तारीख कधी संपते?"

"पुढच्या गणपतीला फोडायचा," सुषमाताईने सांगितलं. त्याचं समाधान झालं.

मशिनीचं मात्र झालं नाही. उकड घातली, सारण घातलं, बटण दाबलं, आणि पहिला मोदक पडला तो नाक तुटलेला. दुसरा कुशीत फाटलेला. तिसऱ्याच्या कळ्या सुटून सारण बाहेर. लिनने वेग कमी केला, हे फिरवलं, ते फिरवलं. व्यर्थ. फाटके मोदक परातीत पडतच होते. त्याने एक मोदक उचलून तोंडाकडे नेला, पीठ कसं झालंय ते बघायला, आणि सुषमाताई किंचाळलीच.

"उष्टं नको!"

मी समजावलं. आधी देव, मग आपण. मला वाटलं तो चिडेल. खाण्याची मशीन आणि खायचं नाही म्हणजे काय! पण त्याने लगेच मोदक खाली ठेवला. आमच्याकडेही आधी देवालाच, म्हणाला. फक्त डोकं खाजवून विचारलं, मग मी जोडणी कशावरून करू? बघून, सुषमाताई म्हणाली. बोटाने दाबून. आम्ही तशीच करतो.

लिनने मोबाइल काढून तो तैवानचा व्हिडिओ लावला, ज्यात सगळं बरोबर पडत होतं. सुषमाताईने तो हातात घेतला, थांबवला, मोठा केला. त्यातली उकड रबरासारखी ताणत होती.

"ही आपली उकड नाय," ती म्हणाली.

"अगं, आपणच पाठवलेलं पीठ आहे ते!"

"कुठलं पाठवलेलंस?"

"तूच तर काढून दिलंस. आंबे..."

आंबेमोहोर! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. अहो, परदेशात जाणारं पीठ! आपण अमेरिकेतल्या भाच्याला अख्ख्या चकल्या पाठवतो आणि तुकडे आपण खातो. तसंच केलेलं आम्ही. सुषमाताईने पाहुण्यांसाठी राखलेला आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, मऊसूत दळून दिलेला, आणि मी त्याला छान पिशवीत घालून पाठवलेलं. रोजचे मोदक आम्ही करतो ते इथल्या खडवलीच्या कोलमचे. मशीन तिकडे पाहुण्यांच्या पिठावर शिकून आलेली, आणि आम्ही तिला घरचं पीठ वाढलेलं! कोलमची पोती दळून तयार होती. आता नवा तांदूळ आणून, धुऊन, वाळवून सगळ्या ऑर्डरींचं पीठ करणं शक्यच नव्हतं.

मी लिनला सगळं सांगितलं तेव्हा शरमेने मान वर होत नव्हती. "खरं पीठ का नाही पाठवलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही पाहुणे होता ना," मी म्हटलं.

तो इतका हसला, इतका हसला, की चष्मा पुसावा लागला. माझी मावशी असंच करते, म्हणाला. पाहुण्यांना एक तांदूळ, आम्हाला दुसरा. आणि मावशी म्हणता म्हणता हसू थांबवून त्याने घड्याळात पाहिलं. आमच्याकडे तांदळाचे गोळे तीच करते, आता झोपली असेल, सकाळी फोन करतो, म्हणाला.

सकाळी मावशी फोनवर आली. गोल चेहरा, मागे वाफेची भांडी. मावशीने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, पिठाचा लिंबाएवढा गोळा तोडला, चपटा केला, पाण्यात सोडला. तो वर तरंगला तसा काढला आणि गरम गरम बाकीच्या पिठात घालून मळायला लागली. बोलत होती चिनी, पण मळणं कुठल्या भाषेत असतं?

"उकडीला परत उकड?" सुषमाताईने नाक मुरडलं. पण तिने लगेच पाणी ठेवलं. गोळा तरंगला, काढला, मळायला घेतला. दुखरं मनगट बाजूला ठेवून डाव्या हाताने मळत होती. मग तिने उकडीची एक चिमूट धरून ओढली. ती तुटली नाही. अजून ओढली. तुटली नाही! फोनमध्ये मावशी टाळ्या वाजवायला लागली.

मशीन सुरू झाली. टप. नाक शाबूत. टप. कळ्या! एक, दोन, तीन, सगळ्या कळ्या! मी अंकुशभाऊंना फोन करून ओरडून सांगितलं, "पडतात हो, पडतात!" एवढ्या पेट्या, एवढे शिक्के, एवढी ड्युटी भरून मशीन आणली, आणि जिच्यामुळे ती चालली ती युक्ती एका बाईच्या स्वयंपाकघरातून कुठलीही ड्युटी न भरता आमच्या गाळ्यात आली.

एकवीस मोदक उकडले. दिसायला देखणे. सुषमाताईने प्रत्येक बोटाने दाबून पाहिला आणि डब्यात ठेवला. लेबलाची किल्ली कमरेलाच होती.

टिटवाळा

लिनचं विमान त्याच रात्री. ठरलेलं असं, की टिटवाळ्याला नैवेद्य दाखवायचा आणि तिथूनच त्याला विमानतळावर सोडायचं. त्याची सॅक गाडीतच होती.

देवळात तुडुंब गर्दी. गुरुजींनी डबा उघडला, मोदक बघितले, सुषमाताईकडे बघितलं. ते तिला ओळखतात. "हात बरा झालेला दिसतोय," ते म्हणाले. मोदक तिच्या हातचे नव्हते. ती फक्त हात जोडून उभी राहिली. तिच्या ओठांच्या हालचालीवरून मला कळत होतं ती काय मागतेय. खोटं बोलायला लावू नको, एवढंच.

नैवेद्य झाला. आम्ही तिघं बाहेर तळ्याच्या काठाला जाऊन बसलो. डबा मधे. आता चाखायची परवानगी होती, आणि कुणाचा हात पुढे होईना. शेवटी सुषमाताईने एक लिनला दिला, एक मला, एक स्वतः घेतला.

मी खाल्ला. छान लागला! गूळ, वेलची, नारळ, मऊ. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात दोघंही चावता चावता थांबले. लिनने अंगठा आणि बोट जवळ आणलं आणि मान हलवली. "जाड," तो इंग्रजीत म्हणाला.

"वरची पारी जाड झाली," सुषमाताई त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी लिनला सांगितलं ती काय बोलली आणि तिला सांगितलं तो काय बोलला. सुषमाताईच्या चेहऱ्यावर काय उजळलं म्हणून सांगू! इतके दिवस मी तिला मशीन भारी, मशीन भारी म्हणत होते आणि ती माझ्यावर विश्वास ठेवत नव्हती. या माणसाने मशिनीला नावं ठेवली आणि तिचा विश्वास बसला.

"परत चल," ती म्हणाली.

"ताई, त्याचं विमान!"

लिन गाडीत जाऊन बसलासुद्धा होता.

खडवलीला मागे आलो. अध्यक्षांनी शिडीवरून विचारलं, "काय विसरलात?" कुणी थांबलं नाही. लिनने मशिनीचा एक स्क्रू केसभर फिरवला. मोदक पडला, उकडला, सुषमाताईने तो मधोमध तोडला, अर्धा त्याला, अर्धा स्वतःला. आता चाखता येत होतं. दोघांनी चावला. सुषमाताईने बोटाने दाखवलं, अजून जरासं. त्याने अजून जरासं फिरवलं. परत मोदक, परत अर्धा अर्धा. मी मधे उभी राहून दोन तोंडांकडे बघतेय. माझं भाषांतर कुणाला नको होतं.

पाचव्या मोदकाला दोघंही चावत राहिले. थांबले नाहीत. सुषमाताईने शेवटचा घास गिळला, पदराला हात पुसले आणि कमरेची किल्ली काढून माझ्याकडे टाकली.

"लेबलांची पेटी पिशवीत आहे. आणलेली बरोबर," ती म्हणाली. "दे हिकरं, पहिलं मी लावते."

तिने पहिलं लेबल ज्या डब्यावर लावलं तो डबा लिनच्या सॅकमध्ये घातला, मावशीसाठी. लेबलाचे चारही कोपरे तिने अंगठ्याने नीट दाबले. मी सरळ रडले. लिनने घाबरून मशिनीकडे बघितलं, काही बिघडलं की काय म्हणून.

"तुमच्या कस्टमने विचारलं तर काय सांगशील?" मी त्याला गाडीत विचारलं.

"सांगीन, मशीनसाठी आहे," तो म्हणाला.

विमान मिळालं त्याला, धावतपळत. आमच्या ऑर्डरी वेळेत गेल्या, सगळ्या, लेबलासकट. नाही म्हणायला एकही फोन करावा लागला नाही.

गणपतीच्या दिवशी दुपारी आरती संपली आणि लिनचा फोटो आला. त्याच्या कारखान्यात एक नवी मशीन पेटीत भरायला तयार उभी आहे, कुठल्याशा दुसऱ्या देशाला निघालेली. डोक्यावर हिरवं पाकीट. आणि पाकिटाच्या शेजारी, छोट्या बशीत, आमचा मोदक. मी धावत जाऊन सुषमाताईला दाखवला. तिने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आलेले मला दिसत होते.

"परवाचा मोदक आहे तो," ती म्हणाली. "बशीत कसला ठेवलाय? त्याला लिही, आजच्या आज बदल म्हणावं."

"अगं, कुठून बदलेल तो तिकडे?"

तिने जरा विचार केला.

"मग पाकीट ठेव आणि मोदक खाऊन टाक म्हणावं. पुढच्या वर्षी ताजा देऊ."